बालताऱ्यांची कमाई आणि बालताऱ्यांचे शरीर

बालताऱ्यांच्या शोकांतिका सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. लहानपणी मिळालेले अमाप कौतुक, वयात येताना ओसरलेली प्रसिद्धी, मग व्यसन, आणि शेवटी एखाद्या रात्री औषधाच्या वा अमली पदार्थाच्या अतिमात्रेने आलेला मृत्यू. कीर्तनकाराने उत्तररंगात आख्यान लावावे तशी ही कथा लावली जाते आणि तात्पर्य आधीच ठरलेले असते : यश पचले नाही. आम्हाला हे तात्पर्य अपुरे वाटते. यश पचवण्याची जबाबदारी ज्याच्यावर टाकायची ते पात्र कथेच्या आरंभी आठ-दहा वर्षांचे असते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण इतिहासात शिरल्याशिवाय दिसत नाही. ज्या समाजाने बालकलाकारांची काळजी घेण्याचे पहिल्यांदा मनावर घेतले, त्याने त्यांच्या पैशाची काळजी घेतली. शरीराची घेतली नाही. या दोन गोष्टींमधले अंतर किती महाग पडले, ते प्रस्तुत लेखात पाहायचे आहे.

या अंतराचे सर्वांत स्पष्ट चित्र १९३९ या एका सालात सापडते. त्या वर्षी कॅलिफोर्निया राज्याने बालकलाकारांच्या कमाईच्या रक्षणासाठी कायदा केला. त्याच वर्षी 'द विझर्ड ऑफ ऑझ' हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि ज्युडी गार्लंड ही सतरा वर्षांची मुलगी घराघरांत पोचली.

आधी कायद्याकडे वळू. जॅकी कूगन हा १९१४ साली जन्मलेला मुलगा चार्ली चॅप्लिनच्या 'द किड' (१९२१) या मूकपटातील पोरक्या पोराच्या भूमिकेमुळे जगप्रसिद्ध झाला. त्याच्या नावाच्या बाहुल्या आणि शिट्ट्या बाजारात आल्या. बालपणातली त्याची एकूण कमाई तीस ते चाळीस लाख डॉलरच्या घरात असावी, असा अंदाज केला जातो. १९३५ साली वडील मोटार अपघातात गेले. त्याच वर्षी कूगन एकवीस वर्षांचा झाला आणि त्याने आपल्या पैशाची विचारणा केली. तेव्हा त्याला समजले, की कायद्याच्या दृष्टीने त्यातले काहीच त्याचे नव्हते. अल्पवयीन मुलाच्या कमाईवर पालकांचा हक्क, असे त्या काळचे कॅलिफोर्नियातले तत्त्व होते. शेतावर राबणाऱ्या किंवा दुकानात हाताखाली काम करणाऱ्या मुलासाठी आखलेले हे तत्त्व लक्षावधी डॉलर मिळवणाऱ्या मुलालाही जसेच्या तसे लागू झाले. आई आणि सावत्र वडील यांच्याविरुद्ध कूगनने १९३८ साली दावा लावला. तोवर बहुतेक पैसा उडून गेला होता. उरलेल्या सुमारे अडीच लाख डॉलरपैकी निम्मे, म्हणजे १,२६,००० डॉलर, त्याच्या वाट्याला आले.

लोकांत संताप उसळला आणि त्यातून १९३९ चा कायदा आला. आजही तो कूगनच्याच नावाने ओळखला जातो. न्यायालयाच्या मंजुरीसाठी आलेल्या करारात मुलाच्या कमाईचा काही भाग राखून ठेवण्याचा आदेश न्यायाधीशाला देता यावा, अशी त्यात तरतूद होती. पळवाटाही होत्या. जो करार न्यायालयापुढे येतच नाही, त्याला हे बंधन नव्हते. ही भोके बुजायला साठ वर्षे लागली. २००० सालापासून अमलात आलेल्या दुरुस्तीने कमाई मुलाचीच असल्याचे मान्य झाले आणि तिचा किमान १५ टक्के भाग विश्वस्त खात्यात ठेवणे बंधनकारक झाले.

या कायद्याचे मोल कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. मात्र बालकलाकाराचे काय चोरीला जाते, या प्रश्नाचे कायद्याने दिलेले उत्तर एका शब्दाचे होते : पैसा. कामाचे तास आणि शिक्षण यांचे नियम होते. मेट्रो-गोल्डविन-मेयर या बलाढ्य कंपनीच्या आवारात मुलांसाठी शाळाही चालत असे. परंतु त्या तासांत मूल जागे कसे राहते, रात्री झोपते कसे, बारीक कसे राहते, हे विचारणारे कोणी नव्हते.

ज्युडीचे मूळ नाव फ्रान्सिस एथेल गम. जन्म १० जून १९२२ चा, मिनेसोटा राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स या गावातला. आईवडील दोघेही रंगमंचावर गाणारे, आणि वडिलांचे गावात चित्रपटगृह. तिथेच, तीन वर्षेही पूर्ण झालेली नसताना, ही मुलगी थोरल्या बहिणींबरोबर प्रथम गायली. पुढे कुटुंब कॅलिफोर्नियात गेले. 'गम सिस्टर्स' या नावाने तिघी बहिणींचे कार्यक्रम होऊ लागले आणि आई एथेल त्यांची व्यवस्थापक बनली. मुलींना उत्साहासाठी आणि झोपेसाठी गोळ्या देण्याची सुरुवात आईनेच केली, असे ज्युडीच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. १९३५ साली, तेराव्या वर्षी, मेट्रोने तिला करारबद्ध केले. काही आठवड्यांतच वडील मेंदूज्वराने वारले.

इथे औषधांचा इतिहास थोडा पाहावा लागतो. बार्बिट्युरेट वर्गातली झोपेची औषधे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून बाजारात होती. त्यांतले सेकोनाल १९३४ च्या सुमारास आले. त्याच दशकात अ‍ॅम्फेटामिन हे उत्तेजक 'बेन्झेड्रिन' या नावाने आधी चोंदलेल्या नाकासाठी हुंगायच्या नळीतून आणि मग गोळ्यांच्या रूपात मिळू लागले. थकवा, उदासी, लठ्ठपणा अशा अनेक तक्रारींवर डॉक्टर ते लिहून देत. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनाही ते दिले गेले. म्हणजे ज्या गोळ्यांची गोष्ट आपण करतो आहोत, त्या अंधाऱ्या गल्लीत विकल्या जाणाऱ्या नव्हत्या. त्या आधुनिक विज्ञानाची देणगी समजल्या जात होत्या. त्या देणाऱ्या प्रत्येकाला खलनायक ठरवणे म्हणूनच अन्यायाचे होईल. पण त्या कशासाठी दिल्या, हे विचारणे अन्यायाचे नाही. आजारी मुलीला बरे करण्यासाठी दिलेले औषध वेगळे आणि वेळापत्रक चालू ठेवण्यासाठी दिलेले वेगळे.

वेळापत्रक कसे होते याची कल्पना एका उदाहरणावरून यावी. ऑगस्ट १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कॅपिटॉल थिएटरात 'विझर्ड ऑफ ऑझ' लागला, तेव्हा ज्युडी आणि तिचा सहकलाकार मिकी रूनी यांना चित्रपटाच्या खेळांच्या मधल्या वेळेत रंगमंचावर गायला-नाचायला उभे केले होते, आणि तेही एकाच दिवसात अनेकदा. वजनावर स्टुडिओची करडी नजर होती. पुढील आयुष्यात ज्युडीने सांगितले, की आम्हाला जागे ठेवायला गोळ्या देत, दमून कोसळलो की झोपेच्या गोळ्या देत आणि चार तासांनी उठवून पुन्हा उत्तेजक देत. मिकी रूनीने मात्र उतारवयात हे साफ नाकारले. मेट्रोने ज्युडीला कधीही औषधे दिली नाहीत, असे त्याचे म्हणणे होते. दोघेही त्याच आवारात वाढलेले, आणि साक्षी परस्परविरोधी. गोळी नेमकी कोणाच्या हातून आली, हा वाद मिटवल्यावाचूनही एक गोष्ट सांगता येते. गोळी आईची असो, डॉक्टरची असो वा स्टुडिओची. घेणारी मुलगी अल्पवयीन होती आणि तिच्या जागे राहण्याचा फायदा तिच्याखेरीज सर्वांना होत होता. १९३९ चा कायदा झाला तेव्हा ही मुलगी त्याच्याच छत्राखाली होती, आणि तरीही हे सारे त्याच्या नजरेबाहेर राहिले.

फेब्रुवारी १९४० मध्ये अकादमीने तिला बालकलाकारांसाठीचा विशेष पुरस्कार दिला. या पुरस्काराची बाहुली मोठ्यांच्या ऑस्करहून आकाराने लहान असे. काम मात्र मोठ्यांइतकेच असे.

बार्बिट्युरेटचा खरा धोका समजून घेतल्याशिवाय पुढील कथा कळणार नाही. हे औषध नियमित घेतले, की शरीराला त्याची सवय होते. यकृत ते अधिक वेगाने मोडू लागते, मेंदू त्याला कमी प्रतिसाद देऊ लागतो, आणि तेवढ्याच झोपेसाठी जास्त मात्रा लागते. झोप आणणारी मात्रा अशी वर सरकत जाते. श्वास बंद पाडणारी मात्रा मात्र तितकी वर सरकत नाही. दोहोंमधली सुरक्षित जागा दर वर्षी अरुंद होते. त्यात मद्याची भर पडली, तर ती जवळजवळ नाहीशीच होते. बरे, औषध एकदम बंद करावे, तर झटके येतात, भ्रम होतो, मृत्यूही येऊ शकतो. केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन येथील सरकारी रुग्णालयात हॅरिस इस्बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली हे सिद्ध केले. त्यासाठी त्यांनी कैद्यांवर प्रयोग केले, ही त्या ज्ञानाची आणखी एक काळी बाजू. ज्या वर्षी हे सिद्ध झाले, त्याच वर्षी मेट्रोने ज्युडीशी असलेला करार संपवला. तोवर ती पंधरा वर्षे त्यांच्याकडे काम करत होती. १९४७ मध्ये ती मानसिकदृष्ट्या कोसळली होती, रुग्णालयांच्या वाऱ्या झाल्या होत्या आणि चित्रीकरणाला येत नाही म्हणून १९४९ मध्ये तिला एका मोठ्या चित्रपटातून काढलेही होते. ज्या सवयीच्या जोरावर काम करून घेतले गेले, त्याच सवयीचा परिणाम बेजबाबदारपणाच्या नावाने तिच्या खात्यावर मांडला गेला.

त्यानंतरची एकोणीस वर्षे केवळ ऱ्हासाची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. १९५४ चा 'अ स्टार इज बॉर्न' आणि २३ एप्रिल १९६१ चा न्यूयॉर्कमधील कार्नेगी हॉलचा कार्यक्रम ही तिच्या कलेची शिखरे याच काळातली. पण गोळ्या सुटल्या नाहीत. २२ जून १९६९ रोजी लंडनमधील घरात ती मृतावस्थेत सापडली. सत्तेचाळीसावा वाढदिवस होऊन बाराच दिवस झाले होते. कॉरोनर गॅव्हिन थर्स्टन यांनी चौकशीअंती मृत्यू अपघाती ठरवला : बार्बिट्युरेटची बेसावधपणे, स्वतःच घेतली गेलेली अतिमात्रा. आत्महत्येचा पुरावा त्यांना आढळला नाही.

या निर्णयातील 'अपघात' हा शब्द आम्हाला महत्त्वाचा वाटतो. अतिमात्रा म्हटले, की आपल्या मनात मरण्याचा हेतू किंवा बेफाम चैन उभी राहते. इथे दोन्ही नाही. रोजची झोप रोजच्याच औषधाने आणण्याचा प्रयत्न आहे, आणि एका रात्री ती अरुंद जागा संपलेली आहे. तिथवर नेणारी वाट मात्र तीस-पस्तीस वर्षांची होती आणि तिच्या पहिल्या टप्प्यावर ती एकटी चालत नव्हती.

ज्युडीच्या अंत्यदर्शनाला न्यूयॉर्कमध्ये सुमारे २०,००० लोक आले. त्याच शहरात वर्षभरापूर्वी एक दुसरा बालतारा बेवारस म्हणून पुरला गेला होता. बॉबी ड्रिस्कॉल, जन्म १९३७. डिस्ने कंपनीने करारबद्ध केलेल्या पहिल्या कलाकारांपैकी तो एक. 'ट्रेझर आयलंड'मधला (१९५०) जिम हॉकिन्स तो, आणि १९५३ च्या 'पीटर पॅन'मधल्या पीटरचा आवाजही त्याचाच. तोच लहान आकाराचा ऑस्कर त्याला १९५० साली मिळाला. कधीही मोठा न होणाऱ्या मुलाला आवाज देणारा हा मुलगा स्वतः मोठा होऊ लागला, चेहऱ्यावर मुरुमे आली, आणि 'पीटर पॅन' प्रदर्शित झाला त्याच वर्षी त्याचा करार संपवण्यात आला. सामान्य शाळेत मुलांनी त्याची टर उडवली. सतराव्या-अठराव्या वर्षी तो हेरॉइनच्या वाटेला लागला. १९५६ मध्ये पहिली अटक झाली; १९६१ मध्ये त्याला चिनो येथील व्यसनी कैद्यांच्या केंद्रात पाठवण्यात आले. मार्च १९६८ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या एका ओसाड चाळवजा इमारतीत खेळणाऱ्या मुलांना त्याचे प्रेत दिसले. तो अतिमात्रेने गेला नाही. एकतीसाव्या वर्षी त्याच्या रक्तवाहिन्या कठीण झाल्या होत्या आणि हृदय थांबले होते. ओळख न पटल्याने त्याला हार्ट बेटावरील बेवारसांच्या दफनभूमीत पुरले. आईने शोध सुरू केल्यावर बोटांच्या ठशांवरून १९६९ च्या अखेरीस ते प्रेत कोणाचे हे कळले.

ज्युडीच्या बाबतीत कामाने शरीर मोडले. ड्रिस्कॉलच्या बाबतीत काम अचानक काढून घेण्याने. दोन्ही ठिकाणी करारपत्रात एक पक्ष मूल होते आणि करार संपल्यावर त्या मुलाचे काय, याबद्दल एक ओळही नव्हती.

आणि पैसा खरोखर राखून ठेवला गेला, तर? त्याचेही उत्तर इतिहासात आहे, आणि ते फार कटू आहे. अनिसा जोन्स ही 'फॅमिली अफेअर' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील (१९६६ ते १९७१) लाडकी छोटी मुलगी. वयाच्या आठव्या वर्षापासून ती हातात बाहुली घेऊन पडद्यावर दिसे. वय वाढत गेले तरी तिला लहानच दाखवत राहिले. मार्च १९७६ मध्ये ती अठरा वर्षांची झाली आणि तिच्यासाठी राखलेली कमाई तिच्या हाती आली. २८ ऑगस्ट १९७६ रोजी ती मरण पावली. तिच्या शरीरात बार्बिट्युरेटसह अनेक अमली पदार्थ सापडले. व्यवस्थेने आपले काम चोख बजावले होते : रक्कम सुरक्षित राहिली आणि ठरल्या दिवशी मिळाली. त्या दिवसापर्यंत त्या मुलीचे काय झाले आहे, हे पाहण्याचे काम कोणाकडेच नव्हते.

यावर एक रास्त आक्षेप घेता येईल. सगळेच बालतारे असे संपले नाहीत. शर्ली टेंपल ही तर त्या सर्वांत मोठी. तिचीही बहुतेक कमाई वडिलांच्या हातून नाहीशी झाली, असे तिने आत्मचरित्रात लिहिले. पण पुढे ती घाना आणि चेकोस्लोव्हाकिया या देशांत अमेरिकेची राजदूत झाली. ड्र्यू बॅरिमोरला तेराव्या वर्षी व्यसनमुक्तीच्या उपचारांसाठी दाखल व्हावे लागले, आणि ती त्यातून बाहेर पडून कर्तृत्ववान झाली. आक्षेप खरा आहे आणि तो आमच्या म्हणण्याला बळच देतो. प्रसिद्धी हेच विष असते, तर कोणीच वाचले नसते. पैसा गमावूनही टेंपल तरली आणि पैसा मिळूनही अनिसा बुडाली. याचा अर्थ फरक पैशाने पडत नाही. बॅरिमोरच्या बाबतीत उपचार लवकर झाले, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही.

उपचारांचा विषय निघालाच आहे, तर एक धोका नोंदवणे आवश्यक आहे, कारण तो लोकांना फारसा ठाऊक नसतो. व्यसनमुक्ती केंद्रातून, तुरुंगातून किंवा दीर्घ आजारातून बाहेर आलेल्या माणसाची सवय उतरलेली असते. पूर्वी जी मात्रा शरीर सोसत होते, तीच आता प्राण घेऊ शकते. म्हणून हेरॉइनसारखे पदार्थ घेणाऱ्यांसाठी सुटकेनंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. दुसरा धोका मिश्रणाचा. रिव्हर फीनिक्स हा लहानपणापासून पडद्यावर असलेला गुणी नट ३१ ऑक्टोबर १९९३ रोजी तेविसाव्या वर्षी गेला, तो कोकेन आणि हेरॉइन एकत्र शरीरात गेल्याने. एक चढवणारे, एक उतरवणारे. नावे बदलली, जोडी ज्युडीच्या काळचीच राहिली. हेरॉइनच्या वर्गातील पदार्थांवर नॅलोक्सोन हा उतारा उपलब्ध आहे आणि २०२३ पासून अमेरिकेत त्याचा नाकात मारायचा फवारा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतो. बार्बिट्युरेटवर मात्र तो चालत नाही. तेव्हा अशा प्रसंगी निजू द्यावे, सकाळी शुद्धीवर येईल, हा विचार सर्वांत घातक. श्वास मंदावलेल्या माणसाला तत्काळ रुग्णालयातच न्यावे लागते.

व्यसन हा आजार आहे, चारित्र्याचा डाग नव्हे, हे मराठी वाचकाला नव्याने सांगण्याची गरज पडू नये. अनिल अवचटांचे 'गर्द' आणि १९८६ साली पुण्यात सुरू झालेले मुक्तांगण यांनी ते काम केव्हाच केले आहे. पण बालकलाकारांच्या बाबतीत आपण अजून कीर्तनाच्या तात्पर्यावरच थांबतो. हिंदी-मराठी मालिका आणि गाण्या-नाचण्याच्या स्पर्धा यांचे मोठे केंद्र मुंबईच आहे. तेव्हा हा प्रश्न परक्यांचा म्हणून सोडून देता येत नाही. आपल्याकडे २०१७ साली बालकामगार कायद्याखालील नियमांत दुरुस्ती झाली. बालकलाकाराला दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून अधिक नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, मुलांची काळजी घेणारी जबाबदार व्यक्ती नेमलेली हवी, आणि कमाईचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत हवा. १९३९ च्या तुलनेत ही मोठी प्रगती आहे. कूगनचा धडा आपण शिकलो. ज्युडीचा धडा अर्धा शिकलो, कारण तास मोजले जातात. ड्रिस्कॉलचा धडा मात्र अद्याप कोणत्याच देशाने नीट शिकलेला दिसत नाही : मालिका संपली, आवाज फुटला, चेहरा बदलला, त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत त्या मुलाकडे कोणी पाहायचे?

याचे उत्तर अवघड नाही. मुलाच्या कमाईतून जसा वाटा बाजूला काढला जातो, तसा निर्मात्याच्या नफ्यातून काढता येईल आणि तो करार संपल्यानंतरच्या काही वर्षांच्या शिक्षणासाठी व मानसिक उपचारांसाठी राखता येईल. चित्रीकरणाच्या काळात मुलाला कोणते औषध, कोणी आणि कशासाठी दिले, याची नोंद स्टुडिओशी संबंध नसलेल्या डॉक्टरकडे ठेवता येईल. यात खर्च आहे, पण तो त्या मुलांच्या हसण्यावर मिळवलेल्या पैशाच्या मानाने किरकोळ आहे. त्या हसण्याचे गिऱ्हाईक आपण आहोत. मूल पडद्यावरून दिसेनासे झाले, की आपल्यालाही त्याचा विसर पडतो, आणि पुन्हा आठवण होते ती मृत्यूच्या बातमीने. मधल्या वर्षांचा हिशेब मागणे हे आता प्रेक्षकाचे काम आहे.